सायकलीचा सांडवा

माझ्या मावशीच्या यजमानांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही. पोलीस चोरावर घेतात तसा संशय. पाणी कुठेतरी लपून बसलं आहे, आणि त्याचा ठावठिकाणा फक्त आपल्यालाच लागू शकतो, अशी काकांची खात्री आहे. पाटबंधारे खात्यात, राधानगरीकडे पाण्याची पातळी मोजण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मोजायला धरण उरलं नाही, म्हणून त्यांनी घर धरलं. सकाळी उठल्या उठल्या ते थर्मास हलवून कानाला लावतात. मग छत्रीची दांडी, गॅलरीचा कठडा, पलंगाचे पाय, एकेकावर बोटाच्या पेराने टकटक. एका लग्नात ते मांडवाच्या लोखंडी खांबाला कान लावून उभे राहिले, तेव्हा मुलीकडच्यांना वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली. कोणीतरी धावत पाण्याचा तांब्या घेऊन आलं. काका म्हणाले, "मला नगं. ह्याच्या पोटात हाय तेवढं बास हाय." दुसऱ्या दिवशी खांब उपसला तेव्हा त्यातून खरोखरच भसकन पाणी आलं. मावशीचा त्या खांबावर अजून राग आहे. "तो कोरडा निघाला असता, तर हा माणूस सुधारला असता," असं ती म्हणते.

नोकरीसाठी कोल्हापुरात आल्यापासून मी या दोघांकडे राहते. मुळात मी कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे चारचौघांत बोलायचं झालं की वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं, मग त्याचं मराठी होतं, मग ते बरोबर आहे का हे मी तपासते, आणि तोवर कोल्हापूरची माणसं तो विषय संपवून, चहा पिऊन घरी गेलेली असतात. काका मला नावाने हाक मारत नाहीत. "काय इंग्लिश मिडियम, जेवलीस न्हवं?" असं विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या ताटात भाकरी वाढतात.

गेल्या वर्षी मी जुनी, लोखंडी सांगाड्याची एक सायकल घेतली. दर रविवारी सायकलवरून लांब जाणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे. तीन महिने मी त्यांचे मेसेज नुसते वाचत होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी गगनबावड्याला जायचं ठरलं, तेव्हा मी "मी येते" असं लिहिलं आणि फोन उशीखाली सरकवला. दोन शब्दच होते, पण ते परत घ्यायचे नाहीत हे मी स्वतःला बजावलं होतं. आता नाही गेले, तर पुन्हा कधी लिहिणार नाही, हे मला माहीत होतं.

मधे खंडेनवमी आली. आमच्या गल्लीत त्या दिवशी चाकं असलेली प्रत्येक वस्तू धुऊन, झेंडूचा हार घालून पूजेला बसते. आदल्या दिवशी काका माझी सायकल गाड्या धुण्याच्या सेंटरवर घेऊन गेले. तिथे त्यांनी सीट दांडीसकट उपसून काढली आणि त्या उघड्या नळीत पाण्याचा जोरदार फवारा धरला, चांगला पाच मिनिटं. घरी येऊन अभिमानाने म्हणाले, "बाहेरनं सगळंच धुत्यात. देवाम्होरं बसायची वस्तू आतनं बी सोच्छ नगं व्हय?" मग सीट घट्ट बसवली, हार घातला, नारळ फोडला. जगातल्या यच्चयावत पोकळ वस्तूंवर संशय घेणाऱ्या या माणसाने ज्या एकाच वस्तूत स्वतःच्या हाताने पाणी भरलं होतं, तिच्यावर मात्र त्याला संशय आला नाही.

शनिवारी सकाळी मी सराव म्हणून एक चक्कर मारली. प्रत्येक गतिरोधकावर सायकलीच्या पोटातून 'डुबुक' असा आवाज यायचा, जणू मी एखादी कळशी चालवत होते. गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि वरच्या गॅलरीतून काका ओरडले, "थांब! हालू नगंस! पाणी!" जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा त्यांचा चेहरा फुलला होता. ते जिना उतरले की उडी मारून आले, मला कळलं नाही.

पुढच्या पंधरा मिनिटांत सायकल सीट काढून, उलटी करून, पत्र्याच्या शेडच्या आकड्याला टांगलेली होती आणि खाली दहाबारा माणसं उभी होती. थोडं पाणी आलं आणि थांबलं. हलवलं की आत 'डुबुक' होतंच.

"उलटी टांगा की," एका रिक्षावाल्याने जाता जाता सांगितलं.

"मग ही काय सुलटी टांगलीया? चष्मा लाव जा," काका म्हणाले.

समोरच्या गोठ्यातले आप्पा आले. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या करून ते गिऱ्हाइकाच्या ग्लासात थेट धार काढून देतात, त्यामुळे आतून बाहेर येणाऱ्या कुठल्याही द्रवाबद्दल त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, "पान्हा चोरतीया ही." मग आडव्या नळीवरून हळुवार हात फिरवत म्हणाले, "सोड गं माझी बाय, सोड. कोन न्हाय हितं. सोड की." आणि दोन थेंब पडले! गल्लीने शिट्ट्या मारल्या. कोणीतरी सायकलीपुढे पेंड ठेवायला सांगितलं.

काकांना दुसऱ्याच्या उपायाने पडलेलं पाणी आवडलं नाही. त्यांनी हात वर केला. "ह्ये थेंबाथेंबाचं काम न्हवं. सांडवा काढायचा. सांडवा नसलेलं धरान कधी बघितलंय काय रं?" कोणीच बघितलं नव्हतं. तीन घरांतून एकाच वेळी तीन ड्रिल मशीन आली. सायकल सुलटी उभी केली गेली. काकांनी देव्हाऱ्यातला करंडा आणून तिरक्या जाड नळीच्या ऐन मध्यावर कुंकवाचा ठिपका दिला. "हितं. पाणी हितवर चढलं की आपसूक सांडंल."

मी भिंतीला टेकून उभी होते. सायकल टांगल्यापासून फोनवर मी हेच वाचत होते. तिथे भोक पाडलं तर खालचं पाणी खालीच राहणार, आणि नळी कमकुवत होऊन उद्या वाटेत कुठेतरी मोडणार. म्हणजे उद्या जाणंच संपलं. वाक्य इंग्रजीत तयार होतं. मी त्याचं मराठी करायला घेतलं. अर्ध्यावर आले होते, तेवढ्यात ड्रिल घुर्रर्र करून सुरू झालं आणि मी ओरडले, "काका, तितं न्हाय! खाली! पायडलच्या बुडाला!"

ड्रिल थांबलं. एक म्हैससुद्धा वळून बघत होती.

"आरं, ही बोलती?" आप्पा म्हणाले. "मी तर मुकी समजून हातवारे करत हुतो की वर्षभर!"

"का न्हाय?" काकांनी मला विचारलं.

"सांडवा भरलेल्या धरणासाठी," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "आपल्याला रिकामं करायचंय. मग दार तळाला नको का?"

काका कुंकवाच्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग मटकन पायरीवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. "तीस वर्सं धरनावर काढली गड्यांनो, आनि रिकामं कराय सांडवा घालाय निघालोतो! अगं, ऐकलंस काय? इंग्लिश मिडियमनं धरान शिकवलं मला!" मावशी खिडकीतून म्हणाली, "बरं केलं. कुणीतरी शिकवायलाच पायजे हुतं."

भोक पायडलच्या बुडाला पडलं. गंजाचं तांबूस पाणी भळभळ आलं. काकांनी ते आमटीच्या वाटीने मोजलं आणि कॅलेंडरवर लिहिलं, 'सायकल, दीड वाटी.' मावशीने ती वाटी त्यांच्याच नावाची करून टाकली.

रविवारी पहाटे काका पाना आणि हातपंप घेऊन स्कूटरवरून आमच्या मागे निघाले. एवढ्या बायकांच्या मागे एक हेल्मेट आणि कानटोपी. बालिंग्याच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली, म्हणून मीही थांबले. बाकीच्या पुढे गेल्या. काका कठड्यावरून नदीकडे बघत होते. "रोज सकाळी सायबाचा फोन यायचा," ते म्हणाले. "पाणी किती? मी आकडा सांगायचा. पाऊस असू दे, ताप असू दे. आता कोन इचारतंय." मग एकदम माझ्यावर खेकसले, "तू का थांबलीस? जा की, मागं पडशील!" आणि पाना-पंप माझ्या हातात देऊन त्यांनी स्कूटर घराकडे वळवली.

गगनबावड्याला पोचले तेव्हा धुक्यात समोरची एसटीसुद्धा दिसत नव्हती. बायका मला फोटोसाठी हाका मारत होत्या, नावाने. मी सायकल हलवून बघितली. आत काहीच वाजलं नाही. मग काकांना फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले. कोरडी आहे."

"बरं," काका म्हणाले. "झालं म्हंजे काम." मला पुलावरचं त्यांचं बोलणं आठवलं.

"काका," मी म्हणाले, "नदीला पाणी किती आहे?"

 पलीकडे चपला घाईघाईने सरकल्या, किल्ल्या वाजल्या. "थांब, थांब. फोन ठिवू नगंस. बघून सांगतो." मागून मावशीचा आवाज आला, "आवो, आता कुठं निघालासा? पोहे निवतील की!" आणि स्कूटर सुरू झाली.

बायका पुन्हा हाका मारायला लागल्या. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं, आणि काकांच्या खिशात सुरूच राहिलेल्या फोनमधून येणारी स्कूटरची घरघर पुलापर्यंत ऐकत उभी राहिले.