मशीन थोरल्याचं, रेकॉर्डी धाकट्याच्या

वाटणीचा शेवटचा दिवस होता. शेत झालं, म्हशी झाल्या, भांडीकुंडी झाली आणि सोप्यात दोनच जिन्नस उरले, आबांचं रेकॉर्डचं मशीन आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. आबा म्हणजे आमचे वडील. कोडोलीत शेती सांभाळून ते लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. आसपासच्या गावात लग्न असो, बारसं असो, आबांचा कर्णा झाडावर चढला की मगच मांडवात जीव यायचा. थोरला भाऊ मशीन चालवायचा, धाकटा रेकॉर्ड पुसून त्याच्या हातात द्यायचा. दोघांचं मिळून एक काम होतं.

वाटणीत थोरला म्हणाला, "मशीन माझं. मी चालवलंय." धाकटा म्हणाला, "मग रेकॉर्डी माझ्या. जन्मभर मी पुसल्यात." आदल्याच दिवशी सोपा कुणाचा ह्यावरनं दोघांत जोरात वाजलं होतं, बोलणं एकमेकांच्या बायकांपर्यंत गेलं होतं. मध्यस्थीला बसलेले चुलते पार कंटाळले होते. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "मशीन ह्याला, रेकॉर्डी त्याला. उठा आता." झालं! अहो, मशीन एकाकडं आणि रेकॉर्डी दुसऱ्याकडं, मग वाजवणार काय, कप्पाळ? पण दोघंही बहाद्दर माना हलवून उठले. मला वाजवता नाही आलं तरी चालेल, पण त्याला वाजवता येता कामा नये. आमच्या घरातली अक्कल ही अशी.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दादा, म्हणजे थोरला, कोडोलीतच ऊस आणि म्हशी बघतो. धाकटा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लागला आणि तिकडंच घर केलं. मी मधली, कोल्हापुरात शिवाजी पेठेत दिलेली. भाऊबीजेला दादा सकाळी येतो, धाकटा संध्याकाळी. एकाची पाठ वळल्याशिवाय दुसऱ्याचं पाऊल माझ्या उंबऱ्यात पडत नाही. दरवर्षी मी डॉक्टरीणबाईसारख्या वेळा देत बसते. दोन सख्खे भाऊ असून पाटाला पाट लावून दोघांना एकदम ओवाळायचं मात्र जमलं नाही ते नाहीच.

तरी त्या येड्या वाटणीवर मी मनातनं खूश होते. म्हटलं, बरं झालं. आज ना उद्या दोघांना आबांची गाणी ऐकावीशी वाटतीलच. मग कुणाला तरी कुणाचं तरी दार वाजवावंच लागेल. दादा एकदा बोललाही होता, "मशीन झाकून ठेवलंय गं. पण त्याच्यावर ठेवायला काय हाय?" धाकटा म्हणायचा, "पेटी उघडतो, पुसतो, परत ठेवतो." माझी सगळी आशा त्यावरच होती.

मग सीडी आली आणि मला धास्ती बसली. धाकट्यानं प्लेअर घेतला. एका सीडीत शंभर गाणी, म्हणजे आबांची अख्खी पेटी एका चकतीत! पण ती चकती भलती नाजूक. जरा ओरखडा उठला की तोतरी व्हायची, नाहीतर अडकून बसायची. पोरांनी एकेक करून सगळ्यांची वाट लावली आणि प्लेअर माळ्यावर गेला. माझ्या जिवात जीव आला. लोक नवीन वस्तू बंद पडली की हळहळतात, मी देवापुढं साखर ठेवली.

फोननं मात्र माझा निकालच लावला. दादा गोठ्यात खुंटीला पिशवी अडकवून त्यात फोन ठेवतो आणि धार काढता काढता गाणी ऐकतो. वर मलाच सांगतो, "म्हशी बी ऐकत्यात गं, लगेच पान्हा सोडत्यात." धाकटा कामावर जाता-येता कानात बोंडं घालून असतो. एक गाणं संपलं की दुसरं आपोआप लागतं, विचारत पण नाही. पूर्वी गाणं लावायचं म्हणजे एकानं द्यायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, कर्णा बांधायला तिसरा. आता एक अंगठा पुरतो. सगळे म्हणतात काय सोय झाली! झाली असेल. मला त्या सोयीचा राग येतो, येतोच.

आणि मग यंदा, मी नाद सोडून दिल्यावर, धाकट्याचा फोन आला. त्याची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं बापाला सांगितलं की रेकॉर्डींची आता परत फॅशन आलीय, तिचे मित्रमैत्रिणी हौसेनं घेतात. ती पेटी बघून हरखली होती. धाकटा इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "आक्का, दादाचं मशीन चालतंय का गं?"

दादाचं! इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'दादा' हा शब्द मी ऐकला नव्हता. 'त्यो' आणि 'तुझा भाऊ' एवढंच. लगेच दादाला फोन लावून तेच विचारलं. तो म्हणाला, "सुई बदलावी लागंल." नाही म्हणाला नाही, माझा राजा! स्वतः कोल्हापुरात येऊन दुकानं धुंडाळून त्यानं सुई शोधली आणि मला फोन करून सांगितलं, "भाऊबीजेला आणतो. त्याला म्हणावं पेटी आण." धाकटाही व्हय म्हणाला. मी दोघांना एकच वेळ दिली.

त्या दिवशी मी पहाटेच उठले. दोन पाट मांडले, दोन्हींभोवती रांगोळी काढली. आमचे हे म्हणाले, "आज लगीन हाय काय कुणाचं?" म्हटलं, गप्प बसा, दृष्ट लावू नका.

दादा ओळखीच्या टेम्पोतनं आला. मशीन वाकळेत गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता. आल्या आल्या टेबलावर मांडलं, वायर जोडली, सुई तपासली. धुतलेला सदरा, नवी टोपी. पाटावर बसायला सांगितलं तर म्हणाला, "येऊ दे की त्याला." आम्ही वाट बघत बसलो. दारात गाडी वाजली की तो मान वर करायचा. चहा झाला, परत चहा झाला. दुपार होत आली.

मग फोन वाजला. माझे हात तेलकट होते म्हणून मी स्पीकरवर टाकला. धाकटा म्हणाला, "आक्का, पोरीनं नवीन मशीनच मागवलं गं. काल संध्याकाळी आलं, लई भारी वाजतंय. दादाला म्हणावं उगं वझं आणायचा तरास घेऊ नको. मी येतो संध्याकाळी, नेहमीसारखा."

दादानं सगळं ऐकलं. म्हणाला, "बरं झालं की." मग खिशातनं फोन काढला, मशीनच्या झाकणावर ठेवला आणि आबांच्या आवडीचं एक गाणं लावलं. मधेच साबणाची जाहिरात लागली. ती संपेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडंच बघत होतो. मी त्याला ओवाळलं. दोन घास खाऊन तो उठला आणि मशीन परत वाकळेत बांधायला लागला. म्हणाला, "म्हशींची वेळ झाली." भर दुपारी कुणाच्या म्हशींची वेळ होते?

पोरीला मी मनात चार शिव्या घातल्या. पण तिचा काय दोष? बापावरच्या मायेनंच केलं तिनं.

धाकटा दिवेलागणीला आला. ओवाळल्यावर त्यानं ताटात एक चकचकीत खोकं ठेवलं. आत छोटा गोल स्पीकर. "आक्का, हा तुला. फोनला जोडायचा, बास. आबांची गाणी ऐकायची हुती न्हवं तुला? आता कुणाच्या मशीनची वाट बघायला नको."

मग माझा तोल गेला. "मेल्या, गाणी कुणाला पाहिजे हुती? मला तुम्ही दोघं पाहिजे हुता, एका वेळंला, ह्या दोन पाटांवर! दादा नवी सुई घालून आला हुता रे. तुझ्यासाठी जेवायचा थांबला हुता."

तो खाली मान घालून बसला. डोळे भरले होते त्याचे, मी बघितलं. म्हणाला, "नवीन मशीन घरात आलं नसतं तर आलो असतो गं आक्का. पण आता कशाच्या नावानं येऊ?"

मी त्याला जेवायला वाढलं. तो जेवला आणि गेला.

दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तोही हेच विचारेल, कशाच्या नावानं येऊ म्हणून.