अण्णांचा पहारा

चार्जिंगला लावलेल्या वस्तूशेजारी माणूस खुर्ची टाकून बसतो, हे मी अण्णांमुळे पहिल्यांदा पाहिलं. परदेशातल्या शॉमबर्ग गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये शनिवारी दुपारी खिडकीबाहेर भुरभुर बर्फ पडत असायचा आणि अण्णा ओट्यावरच्या चार्जरच्या इवल्या लाल दिव्याकडे बघत बसलेले असायचे, दुधाजवळ बसतात तसे. दिवा हिरवा झाला की वायर काढायचे आणि मगच चहा टाकायचे. त्या दुपारी आठवल्या की मला अजून सगळं पांढरं, मऊ आणि बिनआवाजाचंच दिसतं.

अण्णा नागपूरचे, पन्नाशीला टेकलेले. मी पुण्याचा, सव्वीस वर्षांचा, त्यांचा रूममेट. तीस वर्षं सिगरेट ओढलेल्या या माणसाने २००८च्या त्या हिवाळ्यात ती सोडायचा चंग बांधला होता, कारण मार्चमध्ये काकू आणि मुलगी येणार होत्या. मुलीला दमा होता. घरी ती त्यांच्यापासून लांबच बसायची, आणि अण्णांच्या मनाला ते फार लागलं होतं. म्हणून त्यांनी इंटरनेटवरून नवीनच निघालेली इलेक्ट्रॉनिक सिगरेट मागवली होती.

तिची बडदास्त काय वर्णावी! दुसऱ्या कुणाचा चार्जर तिला चालायचा नाही. खिशात किल्ल्या असतील तर त्या खिशात सुटी बॅटरी जायची नाही. मी माझा मोबाइल उशीखाली चार्ज करायचो, तो ते टेबलावर नेऊन ठेवायचे. मी हसायचो. 'मी बसून राहिलो ना इथे, तू जा फिरायला,' म्हणायचे.

फेब्रुवारीत अण्णा पार्किंगमध्ये बर्फावरून घसरून पडले आणि खिशातली सिगरेटची बॅटरी त्यांच्याखाली चेपली. फार नाही, एका बाजूला जरासा पोचा. अण्णांनी ती बाजूला ठेवून दिली आणि नवीन मागवली. ती यायला तीन आठवडे. चौथ्या दिवशी पेट्रोल पंपावरच्या दुकानात ते सिगरेटच्या पाकिटांसमोर बराच वेळ उभे राहिलेले मी पाहिले.

म्हणून शनिवारी ते खाली लाँड्रीला गेल्यावर मी शहाणपणा केला. चेपलेली बॅटरी चार्जरला लावली, सोफ्यावर ठेवली आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तो सोफ्यातून धूर निघत होता आणि अण्णा कपड्यांची टोपली टाकून भिंतीतला प्लग ओढत होते. मला टॉवेलवरच बाहेर कॉरिडॉरमध्ये ढकललं आणि मागोमाग तेही आले. दार ओढून घेतलं आणि खिशातून मोबाइल काढला. एवढ्यात आतली फुसफुस थांबली आणि दारातल्या काचेतून दिसणारा धूर विरत गेला. तरी कितीतरी वेळ त्यांनी मला आत जाऊ दिलं नाही.

मी म्हणालो, तुमची सिगरेट सुटावी म्हणूनच केलं. अण्णांनी मोबाइल खिशात टाकला.

'माझी सुटो नाही तर न सुटो. तुझ्या आईला मी फोनवर काय सांगितलं असतं?'

मला लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं. इतक्या लांब, त्या परक्या कॉरिडॉरमध्ये, कुणीतरी माझ्यासाठी घाबरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात ती नेऊन दिली. मला कचऱ्याच्या डब्यात टाकू दिली नाही. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं तळ्याभोवती चालायला लागलो. ते चिडायचे, घामाघूम व्हायचे, बडीशेप चघळायचे. मीही चालायचो. नव्या बॅटरीचं पार्सल आलं तेव्हा अण्णांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि न उघडताच परत पाठवलं.

मार्चमध्ये विमानतळावरून तिघांना मीच त्यांच्या नव्या घरी सोडलं. काकू पुढे बसल्या होत्या. आरशात पाहिलं तर मुलगी अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. घर आलं, मी गाडी थांबवली. अण्णांनी मान हलवून मला खूण केली, आणखी एक चक्कर मार.