रुमालाखाली ठरलेले घास
मुगाच्या मऊ खिचडीवर तूप पडलं की मला अक्कलदाढ काढली तो दिवस आठवतो. गाल फुगलेला, बोलता येत नव्हतं, आणि बायकोने घोटून दिलेली खिचडी मी रागाने बाजूला सारली होती. नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी असलं पथ्याचं खातो का? तेवढ्यात थोरला भाऊ आला. धंदा मी उभा केला, आणि वेगळं होताना जुनी गिऱ्हाइकं हा घेऊन गेला, म्हणून आमचं बोलणं बंद होतं. "आज तुन्हं तोंड बंद शे, म्हनीसन उनू," तो हसत म्हणाला; मला भांडता येणार नाही, म्हणूनच तो आला होता. मग बाजारात जुने व्यापारी भाव ठरवतात तसा त्याने आमच्या हातांवर रुमाल टाकला आणि खालून माझी पाच बोटं दाबली. पाच घास खा, असं त्याचं म्हणणं. मी त्याचं एकच बोट दाबलं. "काय चेंगट गिऱ्हाईक शे हाऊ!" तो बायकोला म्हणाला. शेवटी तीनवर सौदा ठरला. तीन घास झाल्यावर त्याने चौथा न विचारता भरवला आणि मी तो मुकाट्याने घेतला. गिऱ्हाइकं त्याने अजूनही परत केलेली नाहीत आणि माझाही राग गेलेला नाही. फक्त आता तो मी रोज संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर बसून काढतो.