गंजका पाना आणि चेंगलपट्टूचा रस्ता

मागच्या आठवड्यात माझा भाचा श्रीधर याने गच्चीवरच्या माझ्या इंजिनवाल्या सायकलचा फोटो ब्लॉगवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मावशी हिच्यावरून चेंगलपट्टूला गेली होती. वाटेत एका मेकॅनिकने दुरुस्त करून दिली.' दुसरं वाक्य खोटं आहे. मेकॅनिकने सायकलला बोटही लावलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. त्याने इथेच छापावं, एक शब्द न बदलता.

साठ साल नुकतंच उलटलं होतं, शहराचं नाव मद्रास होतं, आणि आम्ही मैलापुरात राहत होतो. भाऊ नोकरीला दिल्लीला गेला आणि सायकल मागे राहिली. साधी सायकल, दांडीखाली छोटं इंजिन, आणि डाव्या बाजूने इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी दुसरी चेन. मला पल्लावरमच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. दोन बसा बदलून जाण्यापेक्षा मी सायकलवरून जाईन म्हटलं.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तोवर सायकलला गिऱ्हाईक ठरवलं होतं. ते दसऱ्याला सकाळी येणार होतं.

"वाटेत बिघडली तर कोणाच्या पाया पडशील?" अण्णांनी विचारलं.

"कोणाच्याही नाही."

"मग उद्या चेंगलपट्टूला आत्याकडे जाऊन दिवेलागणीच्या आत परत ये. दुसऱ्या कोणाचा हात यंत्राला लागला, तर परवा ती गेली असं समज."

उद्या म्हणजे खंडेनवमी. तमिळ लोकांची आयुधपूजा. त्या दिवशी अवजारांना गंध-फूल वाहतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. आमच्या दोघांच्याही हे ध्यानात आलं नाही. आईच्या आलं. तिने सायकलला गंध लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि, यंत्राची पूजा कोरडी कशी करायची म्हणून, जिथे भोक दिसलं तिथे तिळाचं तेल सोडलं.

साडेसहाला निघाले. आईचं नऊवारी नेसले होते. दांडीच्या सायकलवर दुसरं काही सोयीचं नाही. अड्यारचा पूल ओलांडेपर्यंत ठीक होतं. गिंडीच्या चढावर इंजिन किंचाळायला लागलं, पण वेग वाढेना. क्लच घसरत होता. चढ संपतो तोच चेन पडली. बसवली. शंभर पावलांवर पुन्हा पडली. हत्यारांची पिशवी उघडली, तर आत एकच गंजका पाना. बाकीची चकचकीत हत्यारं आईने रात्रीच पूजेच्या पाटावर मांडली होती. हा तिला देवापुढे ठेवण्यासारखा वाटला नसावा.

समोर एक शेड होती. लेथला झेंडूची माळ, पान्यांना कुंकू, आणि हाताला चंदन लावून बसलेले मेकॅनिक, मुरुगेसन. मी तमिळमध्ये म्हटलं, "जरा बघता का?" अण्णांची अट त्या क्षणी मी विसरले होते, हे कबूल करते.

"बघतो की, अम्मा. हात नाही लावणार. आज हत्यारं देवाची." मग माझ्या हातातला पाना पाहून हसले. "याला कुंकू नाही. म्हणजे याला आज सुट्टी नाही!"

आतून त्यांची बायको सुंडल, नैवेद्याची हरभऱ्याची उसळ, घेऊन आली. "हात बांधून बसलेला नवरा आज पहिल्यांदा बघतेय. तोंडाला मात्र सुट्टी नाही!"

ते सांगत गेले, मी करत गेले. क्लचच्या झाकणाचे स्क्रू नाण्याने उघडले. आतल्या चकत्या कोरड्या हव्यात, त्या तेलाने न्हाल्या होत्या. रुमाल पेट्रोलमध्ये बुडवून एकेक पुसली, उन्हात सुकवली. तार जोडताना मुठीला थोडी ढील ठेवली. मूठ आधीपासूनच ताणलेली असेल तर क्लच पुरता धरत नाही.

मग चेन. "दोरी घ्या," मुरुगेसन म्हणाले. त्यांच्या बायकोने माळेची उरलेली दोरी दिली. मागच्या दातेरी चक्राला टेकवून ती इंजिनाच्या चक्रापर्यंत ताणली. तिथे अर्ध्या बोटाची फट.

"काल चेन ताणलीत?"

"हो."

"दोन्ही बाजूंनी?"

फक्त डावीकडचा नट सोडून चाक मागे ओढलं होतं. चाक तिरकं बसलं होतं. चूक आईच्या तेलाची होती तशी माझीही होती.

दोन्ही नट सैल केले, डावी बाजू पुढे सरकवली, दोरी दोन्ही चक्रांना टेकेपर्यंत. मग दोन्ही बाजू सारख्या मागे ओढल्या. चेन मधोमध बोटाने दाबली तर अर्धा इंच हलावी, एवढी ढील ठेवून नट आवळले. दहा वाजले होते.

जाणाऱ्यांसाठी: पल्लावरम, तांबरम, वंडलूर, सरळ रस्ता. पेट्रोलमध्ये तेल मिसळायला विसरू नका. सिंगपेरुमाळ कोविल गावाला थांबून कॉफी प्या. मी प्याले ती उभ्यानेच, डोळा चेनवर. चेंगलपट्टूच्या अलीकडे मोठा तलाव लागतो. मी तो जाताना पाहिलाच नाही.

आत्याने पान वाढलं होतं. "बस गं, घोड्यावरून आलीस का?" म्हणाली. मी चार घास गिळले आणि सारखी सावली बघत राहिले. वीस मिनिटांत उठले. परतीला चेन एकदाही पडली नाही.

आई तुळशीपाशी वात लावत होती. अण्णा दारात उभे होते. त्यांनी आधी माझे काळे हात पाहिले.

"कोणी हात लावला?"

"नाही. सांगितलं एकाने. केलं मी."

त्यांनी माझ्या हातातला गंजका पाना घेतला, पाटावर चकचकीत पान्यांच्या शेजारी ठेवला आणि स्वतः त्याला कुंकू लावलं. दसऱ्याला गिऱ्हाईक आलं, कॉफी पिऊन गेलं.

त्या सायकलवरून मी सहा वर्षं शाळेत गेले. अर्ध्या बोटाची ती फट आजही डोळ्यांसमोर आहे. आत्याने त्या दिवशी काय रांधलं होतं ते मात्र आठवत नाही, आणि त्या घरी मी पुन्हा जेवले नाही. ती पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आत गेली. तुम्ही गेलात तर तलावापाशी थांबा.

आज सकाळी श्रीधरच्या हाती दिलं ते असं: सायकल एक, इंजिनासह. क्लचची जादा तार एक. नोंदणीचं पुस्तक, माझ्या नावाचं. दोरी, दोन हात. गंजका पाना एक, कुंकवाच्या डागासह. डाग पुसू नये.