मागून हाक आली नाही

मी नेपाळ पाहून आलो आहे हे कळलं, की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात. हिमालय कसा दिसतो हो? मी सांगतो, ते माझ्या बायकोला विचारा. लोकांना वाटतं, मी विनय दाखवतोय. विनय माझ्या अंगात नाही. सांगलीच्या पेठेत मी पाठीवर हळदीची पोती वाहत आलो आणि पुढं त्याच पेठेत स्वतःची अडत उघडली. विनयानं ते झालं नसतं.

आमच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबायची, त्यावरून त्याला आकडा कळतो. तो आपली बोटं दाबतो, आपल्याला त्याचा कळतो. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. जमलं नाही तर हात काढून घ्यायचा आणि चालू लागायचं. चार पावलांच्या आत मागून हाक येते. ती येईपर्यंत वळून बघायचं नाही. वळून बघितलंत की तुमची गरज उघडी पडली, मग तो म्हणेल तोच भाव. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन-तीनदा सपाटून आपटलो तेव्हा समजलं.

नेपाळला जायची हौस माझी नव्हती. बायको तासगावकडची. तिचा धाकटा भाऊ पलटणीत होता. सुट्टीवर आला की आमच्या सोप्यात बसून तिला सांगायचा, ''आक्का, मिठाच्या राशीगत डोंगर असत्यात बग तिकडं. अन् सकाळचं ऊन पडलं की नवऱ्यामुलागत त्येंना हळद लागती.'' मी म्हणायचो, ''कुठली रं हळद? राजापुरी का?'' तो हसायचा. चीनच्या लढाईत तो गेला. त्यानंतर बायकोनं माझ्याकडं कधी लुगडं मागितलं नाही, दागिना मागितला नाही. तीन वर्षं गप्प होती आणि एका दिवाळीला म्हणाली, ''मला त्यो डोंगर बगायचाय.''

भाऊ गेला त्या सरहद्दीवर कोण जाऊ देणार? पण साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर दरवर्षी काशीची सहल काढत, त्यांनी त्या वर्षी पुढं नेपाळ जोडलं होतं. हळदीचा हंगाम संपलेला होता. दोघांची नावं घातली.

मास्तरांचा आणि माझा खटका नेपाळच्या वेशीवर, रक्सौललाच उडाला. त्यांच्या गळ्यात शाळेतली शिट्टी होती. शिट्टी वाजली की उतरायचं, शिट्टी वाजली की चढायचं. देवळापुढं उभं करून ते वहीतलं वाचून दाखवत, मान वर करून कळस बघावा तोवर शिट्टी. मी म्हणालो, ''मास्तर, आमी काय चौथीची पोरं न्हाई.'' ते म्हणाले, ''चौथीची पोरं वेळेवर येतात.'' यावर सगळी बस हसली. माझी बायकोसुद्धा.

रक्सौलहून काठमांडूला जाणारा घाट मी जन्मात विसरणार नाही. कोयनानगरवरून कोकणात उतरणारा कुंभार्ली घाट आम्हाला अवघड वाटतो. तो या घाटापुढं अंगण आहे. वळणावर वळण, खाली बघितलं तर नदी दोऱ्याएवढी, आणि मागच्या बाकावरचे चारजण पिशव्यांत तोंड घालून बसलेले. माथ्यावर मास्तरांनी शिट्टी फुंकली. ''इथून सबंध हिमालय दिसतो!'' बायको पदर सावरत सगळ्यांच्या आधी उतरली. समोर ढग. नुसता ढग, पांढरा, ओला, गिरणीतल्या पिठासारखा.

''कुठाय?'' मी विचारलं.

''ढगाच्या मागे.''

''मग ढग दाखवायला आणलंय व्हय आमाला?''

मास्तर म्हणाले, दुपारी असाच ढग असतो, डोंगर बघायचा तर उजाडताना बघावा लागतो. हे त्यांना निघतानाच माहीत होतं का? होतं. मग दुपारी घाट चढायची वेळ कुणी ठरवली? त्यांनीच. शिट्टी वाजली तरी बायको ढगाकडं बघत उभी होती.

काठमांडूत चार दिवस. देश केवढा, तर आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या सपाटीवर तीन जुनी शहरं, बाकी सगळे डोंगर. पशुपतिनाथ झालं, राजवाडा झाला, लाकडी खिडक्यांवरचं कोरीव काम झालं. काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही. आमच्याकडचे सुतार एवढा वेळ लावतील तर मालक त्यांना हाकलून देईल. बाजारात हळद दिसली म्हणून हळकुंड मोडून बघितलं. आत फिकट, वास नाही. आमच्या पेठेत ती झाडून टाकली असती. हे मी दुकानदाराला सांगत होतो तेवढ्यात शिट्टी.

आमच्यात कोयनानगरचे एक फिटर होते, धरणाच्या कामावरचे, बायकोला घेऊन आलेले. दोघं बौद्ध. त्यांना बाकीच्या देवळांचं काही नव्हतं, ते आले होते स्वयंभूच्या स्तूपासाठी. तिथल्या पायऱ्या चढताना माझा जीव वर आला आणि माकडानं बायकोच्या हातातली दाण्याची चिक्की पळवली. मी दगड शोधत होतो आणि हे दोघं नवराबायको शांतपणे स्तूपाभोवती फिरत होते. फिटरांच्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं खाली उतरल्यावर माझ्या बायकोला सांगितलं, ''सासूबाईंची लय इच्छा हुती. दीक्षा घेतल्यापासनं म्हणत हुत्या. त्येंच्या बदली मी बगून घेतलं, मावशी.'' त्या दिवसापासून दोघी बसमध्ये शेजारी बसायला लागल्या आणि मला फिटरांच्या शेजारी बसावं लागलं. माणूस सज्जन. पण दुकानात गेला की सांगितलेला भाव देऊन मोकळा व्हायचा. बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काठमांडूच्या शेजारच्या पाटणला मी त्यांना धडा दिला. पितळेचा टांगता दिवा होता, घंटा लावलेला. दुकानदारानं भाव सांगितला, मी निम्मा सांगितला, त्यानं मान हलवली. मी चालू लागलो. तिसऱ्या पावलाला हाक. दिवा घेऊन फिटरांना म्हणालो, ''बघितलं का? वळायचं न्हाई. काय वाट्टेल ते झालं तरी वळायचं न्हाई.'' माझी बायको शेजारीच होती. तिनं हे माझ्या तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं.

तोवर डोंगर काही दिसला नव्हता. रोज पहाटे ती धर्मशाळेच्या गच्चीवर जायची आणि धुकं बघून खाली यायची. मी विचारायचं सोडून दिलं. शेवटचा मुक्काम भातगावला होता. गाव सुंदर, विटांचं, चौकाचौकांत मिरच्या आणि भात वाळत घातलेला, कुंभारांची चाकं फिरताहेत. तिथं कळलं, की वरच्या अंगाला नगरकोटचा डोंगर आहे, जीप जाते, उजाडताना वर असलं तर सगळी रांग दिसते. मास्तर म्हणाले, सहलीत ते बसत नाही, ज्याला जायचं त्यानं स्वतःच्या खर्चानं जावं आणि नऊच्या आत परत यावं. बाकीची मंडळी थकलेली. आम्ही दोघं आणि फिटर नवराबायको, चौघं तयार झालो.

पहाटे चौकात एकच जीप होती. चालक साठीचा, बुटका, अंगात फौजेतला जुना कोट. आपल्या फौजेत नोकरी करून आलेला, हिंदी बोलत होता. मी भाव विचारला.

''चालीस.''

''बीस.''

''चालीस, साब.'' आवाज चढला नाही की उतरला नाही.

मी जीपभोवती एक फेरी मारली. टायर झिजलेले. चौकात दुसरं गिऱ्हाईक नाही. एवढ्या थंडीत उठून आलेला माणूस रिकामा परत जाणार नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात पुढं केला. त्यानं रुमालाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, ''ठंड लग रही है, साब?''

फिटर म्हणाले, ''काका, देऊन टाकूया की. चौघांत वाटलं तर काय लय न्हाई. वर पोचायच्या आत उजाडंल.''

''तुमी गप बसा. सरकारी पगार घेणाऱ्याला भाव कळत न्हाई.''

चालकानं आकाशाकडं बघितलं. ''साब, टाइम कम है.''

मला तेच पाहिजे होतं. घाई त्याला झाली होती. मी रुमाल खांद्यावर टाकला आणि चालू लागलो.

एक. दोन. तीन. चौथ्या पावलाला मी थोडा हळू झालो. हाक नाही. पाच, सहा. दगडी नळावर एक बाई घागर भरत होती, तिथपर्यंत पोचलो. हाक नाही. सातव्या-आठव्या पावलाला मागं इंजिन सुरू झालं आणि माझ्या मनात आलं, आला. गाडी घेऊनच मनधरणीला येतोय. मी मान ताठ केली. इंजिनाचा आवाज वाढला आणि मग कमी होत गेला. मी वळलो तेव्हा चौकाच्या टोकाला मागचा तांबडा दिवा दिसला. तो पहिल्या चढावर वळला आणि गेला. चौकात कुणी नव्हतं. फिटर नव्हते, त्यांची बायको नव्हती आणि माझीही नव्हती.

पुढचे तीन तास मी कसे काढले ते मला माहीत. आधी वाटलं जीपमागं पळावं. मग वाटलं मास्तरांना उठवावं, पण त्यांना सांगायचं काय? पाच छपरांचं उंच देऊळ आहे तिथं, त्याच्या पायऱ्या चढून वर गेलो, की निदान तिथून काही दिसेल. धुकं, समोरच्या घरांची छपरं आणि एका छपरावर कोंबडा. कुंभारानं चहा दिला, तो खारट होता. मनातल्या मनात मी बायकोला बोलायची वाक्यं तयार करत होतो. चांगली धारदार.

जीप आली. बायको उतरली. थंडीनं कान लाल झालेले, केस विस्कटलेले, चेहरा मात्र असा, की तयार केलेल्या वाक्यांतलं पहिलंच मला सुचेना.

''कुणाला इचारून गेलीस?'' एवढंच बोललो.

''तुमी मागं वळूनच बगितलं न्हाई.''

''हाक मारायची!''

''कशी मारू?'' ती म्हणाली. ''मी हाक मारली असती तर तुमीच म्हणाला असता, भाव बिघडवलास. मी वाट बगत हुते त्यो कवा हाक मारतोय म्हणून. त्यो मारंना. तुमी वळंना. मग बसले.''

पदराच्या गाठीतले पैसे तिनं दिले होते, फिटरांच्या बरोबरीनं, घासाघीस न करता. मी विचारलं, ''दिसला का?''

''दिसला.''

''कसा?''

तिनं जरा वेळ हातांकडं बघितलं. ''हळद लागली हुती,'' म्हणाली, आणि आत सामान बांधायला गेली. मास्तरांची शिट्टी वाजली.

परतीच्या घाटात माथ्यावर पुन्हा ढग. ते सांगायलाच नको.

फिटरांनी कुणाला काही सांगितलं नसावं, पण मास्तरांनी सांगितलं. सांगलीत आमच्या पेठेत गोष्ट आमच्याआधी पोचली. आता मी सौदा मोडून चालू लागलो की कुणीतरी हमाल ओरडतोच, ''शेठ, बगा हं, बायको बसली का गाडीत?'' आणि सगळी पेठ हसते. खर्च माझा, अडत बंद माझी, घाटात ओकणाऱ्यांच्या पिशव्या धरल्या मी, आणि डोंगर बघितला त्या तिघांनी. बायकोला कितीदा विचारलं. केवढा होता, किती लांब होता, एक होता की अनेक? ती म्हणते, ''व्हता की लय मोठा,'' आणि भाकरी उलटते. शेजारणींना मात्र हात पसरून सांगते. मी आत आलो की गप्प.

गेल्या माघात रहिमतपूरला एका लग्नाहून परत येताना आम्ही दोघं स्टँडवर सकाळच्या एस.टी.ची वाट बघत बसलो होतो. समोरच्या डोंगरावर धुकं होतं आणि वरच्या कडेला नुकतं ऊन लागत होतं. ती त्याच्याकडं टक लावून बघत होती. मी म्हणालो, ''असाच व्हता का गं?''

''असा न्हाई.''

''मग कसा? आता तरी सांग की. तुझ्या पाया पडू का?''

तिनं माझ्याकडं बघितलं. ''चार पावलं चाला,'' म्हणाली. ''वाटलं तर हाक मारते.''

मी रागानं उठलो. एक पाऊल टाकलं. दोन टाकली. तिसऱ्याला वळून बघितलं. इतकी वर्षं पेठेत काढली, पण हे कधी केलं नव्हतं.

ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. बाकावरची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली. ''या,'' म्हणाली, ''बसा. आधी कायबी दिसत नव्हतं, काळंच व्हतं सगळं. फिटरांच्या बायकोनं माझा हात धरला हुता...''

सांगलीची एस.टी. आली, थांबली आणि गेली. पुढची तीन तासांनी होती.