उन्हात खेळायचा गेम

मोबाईलवर गेम खेळणाऱ्या माणसाला मधेच थांबवून ‘पोट साफ होत नाही का?’ असं विचारणारी जाहिरात ज्याने शोधली, त्याला मे महिन्यात राजुऱ्याच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी उभा करायला हवा. एक जीव गेला की जाहिरात, एक पायरी चढली की जाहिरात. त्यात एटापल्लीचं नेटवर्क असं, की जाहिरात दाखवण्यापुरतं येतं आणि गेम उघडायची वेळ आली की जातं. मी इथल्या एका कचेरीत लिपिक आहे. बायको-मुलगी चंद्रपुरात, मी इथे खोली करून राहतो. एका संध्याकाळी संतापून मी मोबाईल भिंतीवर फेकला. म्हणजे गादीवर. राग खरा होता, पण मोबाईलही एकच होता.

पुढच्या सुट्टीत चंद्रपूरला गेलो, तेव्हा एका रिपेअरिंगवाल्याच्या काचेच्या कपाटात तो दिसला. हातात धरून खेळायचा, जुना, राखाडी गेम. शाळेत असताना वर्गातल्या एकाकडे होता आणि त्याने मला कधी हात लावू दिला नव्हता. तो रागही अजून शिल्लक होताच.

“भाऊ, जुना माल आहे,” दुकानदार म्हणाला. “याच्या स्क्रीनले लाइट नाई. उन्हात बसून खेळा लागते. पोरीसाठी घेऊन राह्यले का?”

“हो,” मी म्हणालो. धडधडीत खोटं. घरी पोरीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “बाबा, हे बीपी मोजायचं आहे का?”

पण काय सुख होतं त्या डबड्यात! कॅसेट खोचली, बटण सरकवलं, की थेट खेळ. नाव विचारत नाही, परवानगी मागत नाही. एक इवलासा माणूस धावतो, उड्या मारतो, खड्ड्यात पडून मरतो. मेला तर माझ्याच चुकीने. असं स्वच्छ मरण मोबाईलवर मिळत नाही.

स्क्रीनला ऊन हवं, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या पायरीवर बसू लागलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई दारातून हाक मारायच्या, “सर, सुट्टी संपून अर्धा तास झाला.”

“आलो, बाई. शेवटचा जीव आहे.”

“कालही शेवटचाच होता.”

या टोमण्यांना कंटाळून मी एका रविवारी गावाबाहेर निघालो. धान कापून झाले होते, धानाच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, ऊन मस्त. आता या गेमची एक खोड सांगतो. ऊन खांद्यावरून यावं लागतं, नाहीतर स्क्रीनवर आपलंच थोबाड दिसतं. त्यामुळे माणूस दोन पावलं चालतो, थांबतो, डबा वर धरतो, तिरका करतो, वळतो, पुन्हा चालतो. हे लांबून कसं दिसतं, याचा मी विचार केला नव्हता.

आमच्या भागात ते कसं दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे. कचेरीतली माणसं हातात छोट्या स्क्रीनचं मशीन घेऊन येतात, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, चालतात, कोपऱ्यावर थांबून मशीनमध्ये बघतात. ती मोजणी. त्यानंतर केव्हातरी, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळतो.

“जोहार सायेब,” एका म्हाताऱ्याचा आवाज आला. “मोजून राह्यले का?”

मी आठव्या पायरीवर, एका जिवावर होतो. मान वर न करता म्हणालो, “हो, हो.”

“मंग इकडून या जी. धुरा इकडून आहे.”

ऊनही तिकडेच होतं. मी गेलो. तो म्हातारा पुढे, मी मागे, डोकं डब्यात. तो कोपऱ्यावर थांबला की मी थांबायचो, कारण नाहीतर त्याच्यावर आदळलो असतो.

“हा मोहाचा झाड बी अंदर आहे, सायेब.”

“असू द्या, असू द्या.”

त्याची बायको लोटाभर पाणी घेऊन आली. तेही मी एका हाताने प्यायलो. पूर्ण फेरी झाली तेव्हा त्याने विचारलं, “झालं का?”

नेमका तेव्हाच माझा माणूस खड्ड्यात पडला. “झालं! संपलं सगळं!” मी ओरडलो. त्याने हात जोडले. आणि मी, वीस वर्षं सरकारी नोकरी केलेला मनुष्य, खोलीवर परतताना विचार करत होतो की काय प्रेमळ लोक आहेत, पाहुण्याला शेत फिरवून दाखवतात.

सोमवारी तो धुतलेला सदरा घालून, बायकोला घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“कागद कधी भेटन?”

“कसला कागद?”

“मोजणीचा. काल तुमीच तं मोजली.”

कचेरी खो खो हसली. मी भडकलो. कोणावर? त्याच्यावर. “मी कुठं मोजली? मी म्हटलं का मोजतो म्हणून?”

“तुमी हो म्हनले,” तो शांतपणे म्हणाला. “नाई तं मशीन काऊन आनली होती?”

मी ड्रॉवरमधून गेम काढला, सुरू केला, खिडकीच्या उजेडाकडे धरला. त्याने खूप वेळ पाहिलं. बायकोला जवळ बोलावून दाखवलं. माडिया बोलीत तिला काहीतरी म्हणाला. ती हसली नाही.

“याच्यात माही जमीन नाई?”

“नाही.”

“कुठीच नाई?”

तेवढ्यात बाईंनी त्याला गावाचं नाव विचारलं, रजिस्टर चाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “सर, ही फाईल तुमच्याकडेच आहे. मोजणीची तारीख कळवायचं पत्र राहिलंय. पावसाळ्यापासून.”

मला लाज वाटली, असं लिहायला आवडलं असतं. लाज नंतर आली. आधी राग आला. बाईंचा, एवढ्या मोठ्याने बोलल्या म्हणून. म्हाताऱ्याचा, माझं ‘हो’ एवढं खरं धरलं म्हणून. हसणाऱ्यांचा, कारण त्यांचेही ड्रॉवर मला माहीत होते. आणि मग ड्रॉवर पूर्ण ओढल्यावर, ज्या गठ्ठ्यावर मी रोज तो गेम ठेवत होतो त्या गठ्ठ्यात त्याची फाईल सापडल्यावर, माझा स्वतःचा. पत्र चार ओळींचं होतं. दहा मिनिटांत टाईप झालं. सही मी साहेबांच्या उशाशी, म्हणजे टेबलाशी, उभं राहून घेतली.

खऱ्या मोजणीला मीही गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. म्हातारा धुऱ्यावर आडवा उभा राहिला आणि मशीनवाल्याला म्हणाला, “आधी दाखवा.”

दाखवलं. नुसते आकडे होते.

“याच्यात मानूस नाई ना?”

प्रत्येक कोपऱ्यावर त्याने मशीन मागून घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मगच पुढचं पाऊल टाकू दिलं. मोहाच्या झाडापाशी दोनदा. मी मागे चालत होतो, हात रिकामे, आणि ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं.

फाईल आता वर गेली आहे. दर बाजाराच्या दिवशी तो येतो, विचारतो. मी सांगतो, “वर आहे, भाऊ.”

“वर कुठी?”

“जिल्ह्याला.”

परवा त्याने आणखी एक विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“वरचे सायेब कोनता खेळ खेळते जी?”

मी कागद ओढला आणि तिसरं स्मरणपत्र लिहायला घेतलं. त्याने खुर्ची सरकवून माझ्या जवळ घेतली, आणि पत्र पुरं होईपर्यंत माझ्या दोन्ही हातांकडे बघत बसला.