कानातली वायर

रंगूमावशी उंब्रजच्या बाजारात भाजी विकायच्या तेव्हा त्यांचा आवाज हायवेपर्यंत जायचा. कुणी मेथीची जुडी चिवडून परत ठेवली, तर त्याचा उद्धार सगळ्या बाजाराला ऐकू यायचा. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांचं हसणं, भांडणं मला पाठ. पण लघवीचा विषय निघाला की हीच बाई कुजबुजायची. मला सांगतानाही तोंडावर पदर.

२०२० च्या मार्चात सांगलीला, त्यांच्या माहेरगावी, मुतखड्याचं ऑपरेशन झालं. किडनीपासून खाली आत एक बारीक नळी ठेवली होती. ती महिन्याभरात काढायची, नाहीतर नळीवरच खडा धरतो आणि किडनी जाते. हे डॉक्टरांनी मुलाला, वीरधवलला, समजावलं होतं. मावशींना एवढंच ठाऊक, की नळी काढायचीय. कधी, ते डॉक्टर सांगतील. मग लॉकडाऊन लागलं, जिल्ह्याची हद्द बंद झाली आणि डॉक्टर व्हिडिओ कॉलवर विचारपूस करू लागले.

पहिल्या कॉलला मावशी धुतलेलं लुगडं नेसून बसल्या. "लघवीला जळजळ होते का?" डॉक्टरांचा प्रश्न घरभर घुमला. आत सून संयोगिता, दारात मी. मावशींनी मान खाली घातली आणि मोबाईल धरून बसलेल्या वीरधवलला म्हणाल्या,

"ती वायर घाल रं तुज्या कानात, आनि तूच बोल. चारचौघांत आसलं काय ऐकवतोस?"

तेव्हापासून इअरफोनची वायर वीरधवलच्या कानात. आधी मावशी त्याला हळूच दुखणं सांगायच्या, मग समोर बसून पडद्यावरच्या डॉक्टरांना हात जोडायच्या. वीरधवल सांगितलेलं सांगायचा, ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं सर. हो सर. बघतो सर." फोन ठेवला की आईला सांगायचा, "घाई न्हाई म्हनत्यात. रोग गेल्यावर या."

मावशी जळजळ सोसत राहिल्या. लघवी लाल व्हायला लागली तरी म्हणायच्या, "डाक्टर म्हनत्यात म्हंजे तसंच आसंल." आणि मी शहाणी गल्लीभर सांगत होते, मुलगा असावा तर असा, श्रावणबाळ. ते आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

सप्टेंबरात थंडीतापानं मावशींची शुद्ध हरपली. ॲम्ब्युलन्समधून सांगलीला नेलं. डावी किडनी सडली होती, काढावी लागली. चार दिवसांनी वॉर्डातल्या मदिनाबी सिस्टर फाईल चाळताना सहज म्हणाल्या, "मावशी, डॉक्टरांनी तुमाला तीनदा बोलावलं. हद्दीच्या पाससाठी चिठ्ठीबी पाठवली. का न्हाई आला?"

मावशींनी वीरधवलकडे पाहिलं. तो पायाकडे बघत उभा होता.

"संयोगिताला आठ वर्सांनी दिवस गेलेलं, आई. सांगलीत रोग पेटलेला. तुज्याबरोबर तो घरात आला आसता तर?"

"मग तसं म्हनायचं हुतंस," मावशी म्हणाल्या. "नातवंडासाठी मी हून थांबले आसते. डाक्टरचं नाव कशाला घेतलंस?"

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. हे मला वीरधवलनंच नंतर रडत सांगितलं. गल्लीतले काही म्हणतात, त्याचं तरी काय चुकलं, भेदरला होता. भेदरलो आम्ही सगळेच होतो. पण तिच्याच दुखण्याबद्दल त्यानं आईला सहा महिने अंधारात ठेवलं, हे मला नाही पचत.

नात आता शाळेत जाते. मावशी तिच्यावर जीव टाकतात, वीरधवलच्या ताटात भाकरीही वाढतात. पण उरलेल्या किडनीसाठी दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन असतो, तो त्या स्वतःच्या मोबाईलवर घेतात. हिरवं बटण दाबायला मी शिकवलं.

परवा फोन वाजला तसा वीरधवल सवयीनं वायर घेऊन आला. मावशींनी ती त्याच्या हातातून घेतली, बाजूला ठेवली, स्पीकर लावला आणि उंबऱ्यावर बसल्या. मग बाजारातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "लघवी साफ हुतीया, सायेब. जळजळ न्हाई. लालबी न्हाई." समोरच्या ओट्यावरचे दोघं बोलायचे थांबले. मावशींचा पदर खांद्यावरच होता.

"छान," डॉक्टर म्हणाले. "गोळी बदलायचीय. मुलगा आहे का जवळ? त्याला सांगतो."

मावशींनी वीरधवलकडे वळून पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी मलाच सांगा."